हसणे हेही एक पथ्य

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक पत्नीसह माझ्या दवाखान्यात आले. वय सत्तरीच्या आतबाहेर. तक्रारी नेहमीच्याच. मान आखडते, रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, पित्त उसळते, कपाळ ठणकते. सोबत तपासण्यांची जाड फाईल, सारे कागद तारीखवार लावलेले. रक्त, लघवी, कार्डिओग्राम, मानेचा एक्स-रे, सगळे वयाच्या मानाने ठीक. रक्तदाब किंचित चढा, पण गोळीने आटोक्यात. व्यसन नाही, जेवण मोजून, पहाटे फिरणे, रोज आंघोळीनंतर दासबोधाचा एक समास. पथ्याच्या बाबतीत मीच त्यांच्याकडून काही शिकावे अशी परिस्थिती.

फाईल मिटून मी सहज विचारले, "सर, मनापासून शेवटचे कधी हसलात?"

वर्गात कोणी शिटी वाजवावी तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. उत्तर वहिनींनी दिले, तेही जमिनीकडे बघत. "आमच्या धाकट्याच्या मुंजीत हसले होते. धाकटा आता चाळीस वर्षांचा आहे."

"डॉक्टर," सर म्हणाले, "हसणं-खिदळणं हे टवाळांचं काम. समर्थांनीच सांगून ठेवलंय."

औषधे मी लिहून दिलीच. पण त्यांचे ते वाक्य डोक्यातून जाईना. देवाधर्माचे करणाऱ्या, सचोटीने जगणाऱ्या कितीतरी माणसांना आपल्याकडे मनापासून असे वाटते की हसणे म्हणजे परमार्थात पडलेला खंड. प्रत्यक्षात गोष्ट बरीचशी उलट आहे, असे माझे मत झाले आहे. ते का झाले, हे आज सांगतो.

गांभीर्य निराळे, जडपणा निराळा

प्रथम एक खुलासा. गंभीर माणसाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. घरातले आजारपण, डोक्यावरचे कर्ज, हाताशी आलेले पीक वाया जाणे, या थट्टेच्या गोष्टी नव्हेत. अशा वेळी जो गंभीर होत नाही त्याला आपण बेफिकीर म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण गांभीर्य आणि जडपणा यांत फरक आहे. गंभीर माणूस हातातल्या कामाला महत्त्व देतो. जड झालेला माणूस ते काम करणाऱ्या स्वतःला महत्त्व देतो.

हा फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. समजा, तुम्ही भर बाजारपेठेत पाय घसरून पडलात. फारसे लागले नाही. उठताना तुम्ही आधी गुडघा पाहता, की आपल्याला कोणी पाहिले का ते पाहता? बहुतेक जण आधी आजूबाजूला बघतात. मीही त्यांतलाच.

अहंकार म्हटले की आपल्याला गर्विष्ठ, उर्मट माणूस आठवतो. पण शास्त्रकारांचा अहंकार याहून साधा आणि चिवट आहे. मी घरातला कर्ता, मी मुख्याध्यापक, मी डॉक्टर, मी साधक, अशा पाट्या आपण छातीवर लावून फिरतो. पाटी लावली की ती पडू नये म्हणून पहारा आला. हा पहारा मन करते, पण त्याची हजेरी शरीर भरते. आवळलेला जबडा, वर चढलेले खांदे, ताठ मान, घट्ट पोट. मानेच्या आणि डोकेदुखीच्या निदान काही रुग्णांत तरी मी दुखण्याआधी हा पहारा पाहिलेला आहे.

हसताना शरीरात काय घडते

खळखळून हसताना छाती व पोट यांमधला पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू भराभर आकुंचन पावतात. छातीतली हवा धक्क्याधक्क्याने बाहेर पडते आणि मग एक दीर्घ श्वास आपोआप आत येतो. तेवढ्यापुरती नाडी आणि रक्तदाब वाढतात. हसू ओसरल्यावर ते खाली येतात आणि स्नायू सैल पडतात. "हसून हसून हातपाय गळाले" असे आपण म्हणतो, ते शब्दशः खरे आहे.

अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या एका छोट्या प्रयोगात, विनोदी चित्रपटाचा भाग पाहून हसणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या अधिक चांगल्या रुंदावल्या. तणावाचा प्रसंग पाहताना त्या आक्रसल्या. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे दाखवले की इतरांबरोबर मनमोकळे हसल्यानंतर माणसाची वेदना सोसण्याची शक्ती वाढते. मेंदूत तयार होणारी एन्डॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत असा त्यांचा निष्कर्ष होता.

नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाची हकिगत बऱ्याच वाचकांनी ऐकली असेल. १९६४ मध्ये त्यांना मणक्याचा अतिशय वेदनादायी विकार झाला. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे पोटभर हसले की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा अनुभव त्यांनी घेतला आणि १९७६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो लिहिला. तो एका माणसाचा अनुभव आहे. त्यावरून हसण्याने रोग बरे होतात असे कोणी म्हणू लागले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हसण्याने वेदना आणि ताण हलका होतो, एवढे म्हणायला मात्र हरकत नाही.

आणखी एक गमतीची गोष्ट सांगतो. फ्रेंच डॉक्टर द्यूशेन यांनी १८६२ मध्येच दाखवून दिले होते की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू सहसा हुकूम ऐकत नाही. तो खऱ्या आनंदानेच हलतो. फोटोग्राफर "हसा" म्हणतो तेव्हा ओठ हसतात, डोळे जागच्या जागी राहतात. खरे हसू म्हणजे आपल्या ताब्यातून थोडे सुटलेले हसू. ज्याला सगळे ताब्यात ठेवायची सवय लागली आहे, त्याला नेमके तेच जड जाते.

गळ्यात राहिलेली नळी

हे मी दुसऱ्यांना सांगतो खरे, पण मी स्वतः याच पंथातला. १९९२ च्या पावसाळ्यात एका वाडीवरून दोन वर्षांचे मूल माझ्याकडे आणले. जुलाब-उलट्यांनी पार सुकून गेले होते. वाटेत ओढ्याला पाणी होते, त्यामुळे यायला उशीर झालेला. सलाईनसाठी शीर सापडेपर्यंत आणखी वेळ गेला आणि ते मूल हाती लागले नाही. आई-वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच जास्त लागले.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी हसलो नाही. हसणे म्हणजे त्या मुलाशी बेइमानी, असे वाटे. घरी माझ्या स्कूटरचा आवाज आला की मुले रेडिओ बंद करीत, हे मला फार वर्षांनी कळले. तेव्हा मात्र मला वाटत होते की मी एक मोठे दुःख मुकाट्याने पेलतो आहे आणि तेच माझे प्रायश्चित्त आहे.

एका बाजारच्या दिवशी सत्तर-पंच्याहत्तर वर्षांची एक आजी खोकला घेऊन आली. मी तिच्या पाठीला नळी लावली. "श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या." चार ठिकाणी नळी फिरवली, गंभीरपणे मान हलवली. आजीने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आवं डाक्टर, त्ये कानात घालायचं आस्तंय न्हवं?"

नळीची दोन्ही टोके माझ्या गळ्यात लोंबत होती.

कंपाउंडरने तोंडाला रुमाल लावला. माझा चेहरा तापला, क्षणभर रागही आला. मग आजीच हसली, बोळक्या तोंडाने, कसलाही आडपडदा न ठेवता. आणि मलाही हसू फुटले. इतके की डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पाणी बराच वेळ थांबेना. आजीने काही विचारले नाही. "आता ऐका," एवढेच म्हणाली आणि पुन्हा पाठ वळवून बसली.

मी ऐकले. उजव्या बाजूला खाली फुफ्फुसात स्पष्ट करकर होती. न्यूमोनिया. औषधे वेळेवर सुरू झाली आणि आजी बरी झाली. तिने मला हटकले नसते तर खोकल्याची बाटली देऊन मी तिला घरी पाठवले असते.

त्या रात्री मी बराच विचार केला. मला वाटत होते की मी त्या मुलाच्या दुःखाला मान देतो आहे. प्रत्यक्षात मी दुःखी डॉक्टरला मान देत होतो. समोर बसलेल्या रुग्णाकडे माझे कानही नव्हते. आजीच्या एका वाक्याने ती पाटी खाली पडली आणि समोरचे मला पुन्हा ऐकू येऊ लागले. त्या मुलाला मी आजही विसरलेलो नाही. पण पुढच्या बाजारापासून दवाखान्याच्या पायरीवर उभे राहून मी येणाऱ्या-जाणाऱ्या आयाबायांना जलसंजीवनी कशी करायची आणि कधी पाजायची ते सांगू लागलो. त्या अडीच महिन्यांच्या तोंड पाडून बसण्यात हे मला एकदाही सुचले नव्हते.

हसण्याचे आध्यात्मिक मोल मी म्हणतो ते एवढेच आहे. खळखळून हसताना आपण कसे दिसतो, लोक काय म्हणतील, याचे भान राहत नाही. दोन-चार क्षण 'मी' पहाऱ्यावरून उठतो. जप, ध्यान, भजन यांतून माणूस जे मिळवू पाहतो, त्याची समाधीशी बरोबरी मी हसण्याशी करणार नाही. पण त्या घराची एक खिडकी इकडेही उघडते, आणि ती लहान मुलालाही उघडता येते.

संतांनी हे जाणले होते

आपल्याकडे हा विचार नवा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याला आठ रसांपैकी एक मानले आहे आणि त्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे. म्हणजे थोरामोठ्यांनी हसू नये, असे भरतांनी म्हटलेले नाही. त्यांनी कसे हसावे, एवढे सांगितले आहे.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडे लिहिली. सासरच्या एकेका माणसाची कटकट मिटव म्हणून भवानीला नवस बोलणारी सून ऐकताना मंडळी पोट धरून हसतात. मग लक्षात येते की ही सासरची माणसे म्हणजे आपलेच विकार. विंचू चावल्यावर थयथयाट करणारा तो माणूसही आपणच, आणि विंचू म्हणजे काम-क्रोध. नाथांनी आधी हसवले, हसता हसता माणसाची पकड सैल केली आणि मग उपदेश आत सोडला. इंजेक्शन देताना आम्ही "दंड सैल सोडा" म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत. देवापुढे बकरे कापणे, दारू, सणासाठी काढलेले कर्ज, मुलांना शाळेत न घालणे, हे त्यांचे विषय. माणसे हसत, आणि आपण नेमके कशाला हसलो हे उमगून घरी जात.

आता राहिले समर्थ. आमच्या जिल्ह्यात सज्जनगड आहे, त्यामुळे समर्थांचे नाव घेऊन हसण्याला विरोध करणारे मला बरेच भेटतात. टवाळांना विनोद आवडतो, अशा अर्थाचे त्यांचे वचन आहे हे खरे. पण ते कोणत्या स्वभावाच्या माणसाला काय गोड लागते हे सांगताना आलेले आहे. दासबोधाच्या वीस दशकांपैकी दुसऱ्या दशकाचा पहिला समास समर्थांनी मूर्खांच्या लक्षणांना दिला आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचीही लक्षणे सांगितली. स्वतःची स्तुती करणारा, घरात शहाणा पण सभेत लाजणारा, अशी ती यादी वाचताना पहिल्यांदा शेजारी आठवतो, मग मेहुणा आठवतो आणि दहाव्या-बाराव्या लक्षणाला आपण स्वतः सापडतो. तिथे ज्याला हसू येत नाही, त्याने तो समास वाचला असे मी मानत नाही.

म्हणून त्या मुख्याध्यापकांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली मी लिहिले : "दासबोध, दशक दुसरा, समास पहिला. पेन्सिल घेऊन वाचणे. आपल्याला लागू पडेल त्या लक्षणापुढे खूण करणे."

काही सावधगिरी

हसणे हे पथ्य असले तरी त्यालाही काही पथ्ये आहेत.

पूर्वी हसत-खेळत असलेल्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप-भूक उडाली, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला, तर तो गंभीर स्वभाव नव्हे. ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला "अरे, जरा हस की" म्हणणे म्हणजे मोडलेल्या पायाला "जरा पळ की" म्हणणे. त्याला डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६.

उतारवयात चेहरा हळूहळू मुखवट्यासारखा स्थिर होणे, सोबत हाताला कंप किंवा चाल मंदावणे, ही कंपवाताची लक्षणे असू शकतात. "हल्ली बाबा हसतच नाहीत" अशी तक्रार घरच्यांनी केली तर मी हे आधी तपासतो. मुख्याध्यापकांचेही तपासले होते. तसे काही नव्हते.

हर्निया असलेल्यांनी, पोटाचे किंवा डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी जोरजोरात हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत. काही दमेकऱ्यांना हसण्याने उबळ येते. हसताना लघवीचे थेंब जातात म्हणून कित्येक बायका चारचौघांत हसणेच टाळतात. यात लाजण्यासारखे काही नाही. ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने यात पुष्कळ सुधारणा होते; डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

आणि शेवटचे, महत्त्वाचे. दुसऱ्याच्या व्यंगाला, जातीला, गरिबीला, बोलीला हसणे हे या लेखातले हसणे नव्हे. त्याने 'मी' सैल होत नाही, उलट आणखी फुगतो.

मग करायचे काय?

माणूस एकटा असताना फारसा हसत नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या निरीक्षणात चारचौघांत हसण्याचे प्रमाण एकटे असतानाच्या सुमारे तीसपट आढळले. तेव्हा हसणाऱ्या माणसांत बसा. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. थोड्याच दिवसांत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवायच हसण्याचे व्यायाम सुरू झाले आणि ती चळवळ जगभर गेली. गावात असा क्लब असेल तर जरूर जा. पहिले चार दिवस लाज वाटेल. ती लाज म्हणजेच वर सांगितलेली पाटी.

क्लब नसेल तर घरात एक नेम करा. रात्री जेवताना प्रत्येकाने आपली त्या दिवसाची एक फजिती सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. सुरुवात घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने करायची. मुलांना आपल्या चुका सांगायचे धाडस यातूनच येते.

चिं. वि. जोशी वाचा, पु. ल. वाचा, आणि घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चिमणरावाला जन्म देणारे चिं. वि. हे पाली भाषेचे मोठे अभ्यासक होते, हे विनोद आणि विद्वत्ता यांचे वाकडे समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पूजा करताना निरांजन विझले, आरतीचे कडवे विसरले, तर घरच्यांवर खेकसू नका. हसा आणि पुन्हा सुरुवात करा. देवाला तुमची चूक चालेल. तुमचा चढलेला आवाज चालेल की नाही, याबद्दल मला शंका आहे.

मुख्याध्यापक पंधरा दिवसांनी पुन्हा आले. चेहरा तसाच. "केल्या खुणा," म्हणाले. "तीन लागू पडतात. आणि डॉक्टर, त्याच यादीत कारणाशिवाय हसणारासुद्धा मूर्खच सांगितलाय, हे आपण पाहिलेलं दिसत नाही." मी हार मानली. तेवढ्यात वहिनींनी पर्समधून एक चौघडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "मीही वाचला तो समास. माझ्या हिशेबानं एकोणीस लागू पडतात."

सरांनी चष्मा लावला. कागद वरपासून खालपर्यंत तपासला, उत्तरपत्रिका तपासावी तसा. मग बोट ठेवून म्हणाले, "एकोणीस नाही, अठरा. हे एक हिने दोनदा धरलंय."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. आपण काय बोललो ते त्यांच्या कानी पडले असावे. आधी खांदे हलू लागले, मग पोट, आणि मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

मान अजून थोडी दुखते म्हणाले. मी गोळ्या पंधरा दिवसांसाठी वाढवून दिल्या. पण तपासताना खांद्याला हात लावला तर तो पहिल्यांदाच सैल लागला.